घाबरलाय, आणि तरी पुन्हा बघायचंय

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही शनिवार पेठेत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, यंदा सहावीत गेला. तीन आठवड्यांपूर्वी माझा पुतण्या राहायला आला होता, तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने रात्री लॅपटॉपवर याला ‘डॉक्टर हू’ मालिकेतला ‘ब्लिंक’ नावाचा भाग दाखवला. त्यात देवदूतांचे दगडी पुतळे आहेत, आपली पापणी मिटली की ते जवळ येतात. तेव्हापासून हा एकटा झोपत नाही, रात्रभर दिवा लागतो. दोन्ही डोळे एकदम मिटू नयेत म्हणून आळीपाळीने एकेक मिटतो, डोळे लाल होतात. क्लासला जाताना शनिवारवाड्यासमोर आला की बाजीरावांच्या पुतळ्याकडे तोंड करून उलटा चालतो. मित्रांनी ‘काका मला वाचवा’ची भर घातली ती वेगळीच. हे म्हणतात, “एवढा मोठा झाला आणि पुतळ्याला घाबरतो!” सासूबाई म्हणतात, दृष्ट काढा. पुतण्याला मी खूप बोलले, तो आता फोन उचलत नाही. आणि परवा मुलगाच मला म्हणाला, “आई, तो भाग मला परत बघायचाय.” मला काही कळेनासं झालंय. असलं सगळं बघणं बंद करू का? डॉक्टरांकडे नेऊ का?
— एक आई

सप्रेम नमस्कार.

त्याला तो भाग परत बघू द्या. दिवसा, तुम्ही शेजारी बसून, आणि थांबवायचं बटण त्याच्या हातात देऊन. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, पण दोन गोष्टी तातडीच्या आहेत, त्या आधी.

रस्त्यात उलटं चालणं आजच थांबायला हवं. शनिवारवाड्यासमोरच्या रहदारीत ते जिवावर बेतू शकतं. त्याला रागावू नका. हात धरा आणि सांगा, “तू समोर बघ, पुतळ्यावर मी लक्ष ठेवते.” हे त्या गोष्टीच्या नियमातही बसतं. कुणीतरी बघत असलं की पुतळा हलत नाही, आणि ते ‘कुणीतरी’ आई असली तरी चालतं. आपण त्याच्या भीतीला खतपाणी घालतोय असं तुम्हाला वाटेल. काही दिवस घाला. आपलं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचललं, हे आत्ता त्याला कळणं जास्त गरजेचं आहे.

दुसरं डोळ्यांचं. दर वेळी पापणी मिटते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. तो वेळेवर पसरला नाही तर डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. मोठी माणसं मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतात, सेकंदाच्या लहानशा अंशापुरत्या. हे त्याला सांगा, अकराव्या वर्षी नीट कळतं. पापणी रोखून धरली की डोळ्यांत पाणी येतं आणि उलट दिसायचंच कमी होतं, हे आरशासमोर त्याला स्वतःला करून बघू द्या. चार-पाच दिवसांत लाली गेली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता त्या भागाबद्दल. मी तो पाहिला आहे आणि तो मला फार आवडतो, म्हणून तुमच्या पुतण्याचा मला राग येत नाही. बीबीसीवर ९ जून २००७ रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेल्या या भागाला पुढच्या वर्षी विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मालिका तर १९६३ पासूनची आहे, आणि ब्रिटनमध्ये मुलं सोफ्यामागे लपून ती बघतात असं तिथे गमतीनं म्हटलं जातं. म्हणजे घाबरणं आणि तरी बघत राहणं, हा त्या मालिकेच्या प्रेक्षकांचा जुना रिवाज आहे. तुमचा मुलगा जगावेगळं काही करत नाहीये.

पण हाच भाग का चिकटला? कारण त्यात पुतळा हलताना एकदाही दिसत नाही. पाहिला तेव्हा हात डोळ्यांवर, पुढच्या वेळी हात खाली, त्याच्या पुढच्या वेळी तोंड उघडं आणि दात बाहेर. मधली हालचाल दाखवलेलीच नाही, ती बघणाऱ्याला मनात भरावी लागते. तुमचा मुलगा पेठेत वाढलाय. गणपतीत त्याने हलते देखावे पाहिले असतील, राक्षसाचा हात वर जातो, मान वळते, डोळे फिरतात. त्यांना तो घाबरला का? नाही, कारण तिथे हालचाल डोळ्यांसमोर होते आणि मागे मोटर आहे, पट्टा आहे, हे पेठेतल्या पोराला ठाऊक असतं.

त्या भागात आणखी एक खुबी आहे, ती मला दुसऱ्यांदा बघताना कळली. काही दृश्यांत गोष्टीतलं कुणीच पुतळ्याकडे बघत नसतं, पुतळा फक्त आपल्याला, पडद्याबाहेरच्या प्रेक्षकाला दिसत असतो. तरीही तो हलत नाही. म्हणजे आपलं बघणंही मोजलं जातं. नकळत प्रेक्षकालाच पहाऱ्यावर बसवलं जातं: तू बघतोयस तोवर सॅली, म्हणजे त्या गोष्टीतली मुख्य तरुणी, सुरक्षित आहे. मोठ्यांना ही कल्पना चमकदार वाटते. अकरा वर्षांच्या मुलाने ती जबाबदारी म्हणून घेतली. आणि भाग संपताना, गोष्ट पूर्ण झाल्यावर, पडद्यावर खऱ्याखुऱ्या शहरातले साधे पुतळे एकामागून एक दाखवतात आणि पापणी मिटू नका ही ताकीद पुन्हा ऐकू येते. ती ताकीद घेऊन तुमचा मुलगा दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यासमोर उभा राहिला. तो आजही पहाऱ्यावर आहे. त्याला कुणी उतरवलंच नाही.

म्हणून त्याचं ‘परत बघायचंय’ मला फार शहाणपणाचं वाटतं. गोष्ट कुठे सुटली ते शोधायला तो निघालाय. घाबरलेल्या मुलांना त्या रात्रीचे चेहरे लक्षात राहतात आणि शेवट निसटतो. या गोष्टीला तर चांगला, चोख शेवट आहे. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ ज्या निळ्या पेटीतून काळात प्रवास करतो, तिला चार देवदूत चारी बाजूंनी घेरतात, पेटी अदृश्य होते आणि ते एकमेकांसमोर उभे राहतात, एकमेकांना बघत. आता कुणालाच हलता येत नाही, कायमचं. हात डोळ्यांवर असले तरी ते रडत नसतातच, डोळे झाकून घेतात ते एकमेकांवर नजर पडू नये म्हणून. हे त्याला तुम्ही सांगू नका. “हे डोळे का झाकतात रे?” असं विचारा आणि त्याला सांगू द्या. घाबरवणाऱ्या गोष्टीचं कारण मूल जेव्हा आपल्या तोंडाने दुसऱ्याला समजावतं, तेव्हा त्याचा आवाज बदलतो, तुम्हाला ऐकू येईल.

बघायला बसाल तेव्हा रविवारची सकाळ निवडा. पडदे उघडे, स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज चालू असलेले बरे. आधी विचारा, “कुठल्या जागी जास्त भीती वाटली होती?” त्या जागेच्या अलीकडे त्यालाच थांबवू द्या. मग एकेक चित्र पुढे न्या आणि मोजा, किती वेळा पुतळा दिसला, त्याच्या दोन दिसण्यांमध्ये पडद्यावर काय होतं. त्यातले बरेच पुतळे म्हणजे दगडासारखं रंगवलेल्या, दगडासारखा वेश चढवलेल्या अभिनेत्री होत्या, त्यांना निश्चल उभं राहावं लागायचं. एखादी हललीय का ते तो डोळ्यांत तेल घालून शोधेल. शोधू द्या.

सोबत एक प्रयोगही करता येईल. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की गोष्ट असलेली चित्रफीत बघताना वेगवेगळे प्रेक्षक बरेचदा एकाच सुमारास पापण्या मिटतात, गोष्टीत जिथे क्षणभर सैल पडायला जागा असते तिथे. नुसती निसर्गदृश्यं दाखवली तर असं जुळत नाही. म्हणजे गोष्टीत रंगलेलं माणूस पापणी कधी मिटायची तेही गोष्टीच्या तालावर ठरवतं. तुम्ही दोघं भाग बघा आणि त्याच्या बाबांना समोर बसवून तुमच्या पापण्या मोजायला सांगा. पापणीशी त्याचं जे वैर झालंय ते अशानं कुतूहलात बदलेल असं मला मनापासून वाटतं. अर्थात, मधेच “बंद कर” म्हणाला तर तत्काळ बंद, “अरे थोडंच राहिलंय” म्हणायचं नाही. उरलेलं पुढच्या रविवारी.

आणि दुसऱ्या वेळी बघताना त्याला त्या गोष्टीतलं दुःखही दिसू द्या. हे देवदूत कुणाला मारत नाहीत, भूतकाळात पाठवून देतात आणि माणसाचे न जगलेले दिवस खातात. सॅलीची मैत्रीण १९२० मध्ये जाऊन पडते, तिथे संसार करते, म्हातारी होते, आणि तिचं पत्र तिचा नातू त्याच दिवशी, त्याच घराच्या दारात सॅलीला आणून देतो. सॅलीला आवडलेला एक तरुण पोलीस १९६९ मध्ये जातो आणि त्याच संध्याकाळी ती त्याला हॉस्पिटलमध्ये म्हातारा होऊन शेवटच्या घटका मोजताना भेटते, बाहेर तोच पाऊस पडत असतो. भीतीच्या खाली एवढी माया असलेली गोष्ट आहे ही. मुलाला ती कळेल, तो सहावीत आहे.

त्याच्या बाबांशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. ‘पुतळ्याला घाबरतो’ हे वाक्य घरातून जायला हवं, कारण त्याने भीती जात नाही, फक्त सांगणं बंद होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कॅन्टर यांनी मुलांच्या अशा भीतीचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर सुमारे ९० टक्क्यांना लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या गोष्टीची दीर्घकाळ बसलेली भीती आठवत होती, आणि जवळपास चौथ्या हिश्शाच्या मनात तिचा अंश तेव्हाही शिल्लक होता. तुमचे यजमान चाळिशी-पंचेचाळिशीचे असतील तर १९९३ मध्ये सुरू झालेला ‘झी हॉरर शो’ त्यांना आठवत असणार. पांघरूण तोंडावर घेऊन, एका फटीतून बघणारी मुलं तेव्हा पुण्यात घरोघरी होती. एका रात्री जेवताना त्यांनी मुलाला आपली तेव्हाची भीती सांगावी, मी कसा शूर होतो हे न सांगता. बापाने एवढं केलं तर माझ्या या सगळ्या सल्ल्याचं निम्मं काम होईल.

सासूबाईंबद्दल. कॅन्टर यांचं म्हणणं असं की अगदी लहान मुलं कुशीनं शांत होतात आणि थोड्या मोठ्या मुलांना समजावून सांगितलेलं उपयोगी पडतं. अकरा हे वय दोन्हीकडचं आहे. आजीनं रात्री शेजारी बसून रामरक्षा म्हटली तर ती जरूर म्हणू द्या, त्या ओळखीच्या आवाजात झोप लागते. दृष्ट मात्र आत्ता काढू नका. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या की मुलाला एवढंच कळेल की आपल्याला खरंच काहीतरी लागलंय, मोठ्यांनाही तसं वाटतंय. हे सासूबाईंना अशाच शब्दांत सांगा, नातवाच्या काळजीपोटी त्या ऐकतील.

शनिवारवाड्याचं काय करायचं? तिथेही त्याला गोष्ट अर्धीच मिळालीय. मित्रांनी किंकाळी सांगितली आणि पुढचं गाळलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, ते अवघे अठरा वर्षांचे होते. पण पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, खुद्द काका रघुनाथरावांना दोषी ठरवलं, आणि बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पेशवाईवर टिकू दिलं नाही. हे मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. आणि समोरच्या घोड्यावर बसलेले थोरले बाजीराव तर १७४० मध्येच वारले होते, वाडा त्यांनीच बांधवला, त्या रात्रीशी त्यांचा काही संबंध नाही. मुलाला घेऊन एका सकाळी तिथे जा. पुतळ्याच्या चौथऱ्यावर काय लिहिलंय ते त्याला मोठ्याने वाचू द्या. तिथून मंडईतले टिळक, मग जंगली महाराज रस्त्यावरची झाशीची राणी. वहीत लिहू द्या, कुणाचा पुतळा, कुणी घडवला, कधी बसवला, जे जिथे सापडेल ते. त्या भागातल्या देवदूतांना नाव नाही, घडवणारा नाही, ते कुठून आले तेही माहीत नाही. आपल्या चौकातल्या प्रत्येक पुतळ्यामागे माणसं आहेत, वर्गणी आहे, कुणाच्या तरी हातांचे श्रम आहेत. आता गणपतीचे कारखानेही भरलेत. त्याची इच्छा असेल तर कसब्यात कुंभारवाड्याकडे शाडूचं काम चालू असताना दिवसा चक्कर मारा. डोळ्यांची आखणी शेवटी करतात, कारागीर एका श्वासात रेघ ओढतो. मूर्तीला नजर कशी येते हे एकदा जवळून पाहिलं की पुतळ्याची नजर इतकी परकी राहत नाही.

एक प्रश्न तो तुम्हाला विचारेलच: “पण असं खरंच असू शकतं का?” “काहीतरीच काय!” म्हणून उडवू नका, कारण यात खरं विज्ञान थोडं आहे. १९७७ मध्ये बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन या दोन भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं की अस्थिर कणाचं सतत निरीक्षण केलं तर त्याचा ऱ्हास रोखला जाऊ शकतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत अणूंवर तसा परिणाम मोजून पाहिला गेला. वारंवार ‘बघितल्यानं’ अणूची अवस्था बदलायची थांबली. पण इथे बघणं म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे, त्या अणूंवर प्रकाशाचा मारा करून केलेलं मोजमाप. आणि हे चालतं अणूंच्या जगात, मणभर दगडाच्या नाही. मुलाला ही सीमारेषा फार आवडेल. विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होत असतात, चौकशी करून घेऊन जा. तिथल्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे आहेत. त्याचा प्रश्न आधी कागदावर लिहायला लावा. आयुकाचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून धाडत. प्रश्न लिहून काढला की तो किती नेमका करावा लागतो हे त्या मुलांना कळत असणार.

खेळही खेळा. संध्याकाळी पार्किंगमध्ये इमारतीतल्या पोरांना गोळा करून स्टॅच्यूसारखाच, पण उलट नियमाचा: एकजण पाठ करून उभा, बाकीचे मागून सरकत येणार, तो वळला की सगळे गोठणार. पहिल्या दिवशी तुमच्या मुलाला मागून येणारा करा. इतके दिवस तो घाबरणाऱ्याच्या जागी उभा आहे, एकदा दुसऱ्या बाजूला उभा राहू दे.

डॉक्टरांचं विचारलंत. तीन आठवडे मला फार वाटत नाहीत, विशेषतः मूल बोलत असताना आणि स्वतःहून परत बघायचं म्हणत असताना. पण वरचं सगळं करूनही अजून तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, शाळा बुडायला लागली, जेवण तुटलं, किंवा भीती पुतळ्यांवरून आणखी दहा गोष्टींवर पसरली, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मुलांच्या समुपदेशकाचं नाव मागा. त्यात कमीपणा काही नाही. मुलासमोर ‘तुझं डोकं तपासायला’ असलं काही कुणी बोलणार नाही एवढं बघा.

बंदी घालू नका. रात्री नऊनंतर नाही, एकट्यानं नाही, एवढे दोन नियम पुरेत. बंदी घातलीत तर तो पुढची गोष्ट मित्राच्या फोनवर, एकटाच बघेल आणि घाबरला तर तुम्हाला सांगणारही नाही.

आता पुतण्याला फोन करा. उचलत नसेल तर मेसेज टाका, “पुढच्या रविवारी ये, आपण तिघं मिळून बघू.” धाकट्या भावाला आपल्या आवडीची गोष्ट दाखवावी असं त्याला वाटलं, यात मला प्रेमच दिसतं. त्याला एवढंच बजावून ठेवा: हेच देवदूत २०१० मधल्या ‘द टाइम ऑफ एंजल्स’ आणि ‘फ्लेश अँड स्टोन’ या जोडभागांत परत येतात. तिथे नियम आणखी कडक आहेत, देवदूताचं नुसतं चित्रही देवदूत होतं आणि एक तर टीव्हीच्या पडद्यातून बाहेर येऊ लागतो. शिवाय तिथे पुतळे एकदा हलतानाही दिसतात. ते दोन भाग याला इतक्यात दाखवायचे नाहीत, आठवीत गेल्यावर त्याने स्वतः मागितले तर बघू.